घूर्णी धारक, बॅटरीचलित

यंत्रण करावयाची वस्तू घट्ट धरून ठेवणारे, एका अक्षाभोवती ती ठरावीक कोनांतून फिरवून प्रत्येक स्थितीत पुन्हा अचल करणारे आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा यंत्राच्या विद्युत् पुरवठ्यातून न घेता आपल्याच अंगातील बॅटरीतून घेणारे साधन. संगणकीय संख्यात्मक नियंत्रण असलेल्या, म्हणजे सीएनसी, यंत्रांवर त्याचा उपयोग करतात. कारखान्यात धारकाला फिक्स्चर आणि त्यात धरलेल्या वस्तूला जॉब म्हणतात. प्रस्तुत नोंदीत धारक व कार्यवस्तू या संज्ञा योजिल्या आहेत.

ज्याचा तर्कू म्हणजे स्पिंडल उभा आहे असे तीन अक्षांचे यंत्रण केंद्र कार्यवस्तूच्या फक्त वरच्या बाजूवर काम करू शकते. मंच डावी-उजवीकडे व पुढे-मागे सरकतो, तर्कू वर-खाली होतो. परंतु वस्तू उलटविण्याचे सामर्थ्य या तिन्ही गतींत नाही. चार बाजूंना छिद्रे व आटे असलेले झडपेचे पितळी शरीर अशा यंत्रावर करावयाचे झाल्यास कामगाराला चार वेळा दार उघडावे लागते, शेगडा सैल करावा लागतो, बैठकीवरील कीस झटकावा लागतो आणि वस्तू फिरवून पुन्हा आवळावी लागते. प्रत्येक आवळणीत थोडा दोष शिरतो. बैठकीवर ०·०५ मिमी. जाडीचा एखादा कीस राहिला, तरी समोरासमोरची दोन छिद्रे एका रेषेत येत नाहीत. फिरत्या धारकात वस्तू एकदाच आवळली जाते आणि तिच्या बाजूंचे परस्परनाते कामगाराच्या हातावर न राहता धारकाच्या कोनीय अचूकतेवर सोपविले जाते.

हे काम करणारे नेहमीचे साधन म्हणजे यंत्राला तारांनी जोडलेला फिरता मंच होय. त्याला चौथा अक्ष म्हणतात. त्याच्या चलित्राची तार, कोन मोजणाऱ्या एन्कोडरची तार व पकडीसाठी हवेची किंवा तेलाची नळी यंत्राच्या कपाटापर्यंत गेलेली असते. नियंत्रक त्याला आज्ञा देतो आणि ती पाळली गेली की नाही, हे त्याच तारांतून क्षणोक्षणी जाणून घेतो. बॅटरीचलित धारकात ही सर्व जोडणी काढून टाकलेली असते. त्यामुळे ऊर्जेची सोय बॅटरीने होते, पण वस्तू खरोखर फिरली आहे काय, हे सांगणारी साक्षही तारेबरोबर जाते. अशा धारकाची रचना, त्याची आज्ञावली व त्याच्या वापरातील सुरक्षितता या तिन्ही बाबतींतील अडचणी प्रामुख्याने या एका गोष्टीतून निर्माण होतात.

पूर्वपीठिका : वर्तुळाचे समान भाग पाडण्याची गरज घड्याळे, दंतचक्रे व कोनमापक उपकरणे यांच्या निर्मितीत प्रथम जाणवली. जेसी रॅम्झडेन या इंग्रज उपकरणकारांच्या वर्तुळ-विभाजन यंत्राचे वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चक्राच्या कडेला २,१६० दाते होते व त्यांत बसणाऱ्या मळसूत्राचे सहा फेरे म्हणजे एक अंश होत असे. आजच्या बहुतेक फिरत्या मंचांत असणारी वर्म व वर्मचक्र ही जोडी तत्त्वतः तीच आहे. अमेरिकेतील ब्राउन अँड शार्प या कंपनीचे जोसेफ ब्राउन यांनी १८६२ मध्ये पिळाच्या वेधन हत्यारांच्या, म्हणजे ड्रिलच्या, खाचा पाडण्यासाठी सार्वत्रिक मिलिंग यंत्र तयार केले व त्यावर विभाजन शीर्ष बसविले. पुढे रूढ झालेल्या विभाजन शीर्षांत हस्तकाचे ४० फेरे म्हणजे कार्यवस्तूचा एक फेरा असे प्रमाण ठरून गेले. सात दात्यांसाठी प्रत्येक दात्यामागे ५ पूर्ण फेरे आणि २१ छिद्रांच्या वर्तुळावर १५ छिद्रे, असा हिशोब कामगार करीत असे. हिशोबापेक्षा मोजदाद कठीण होती. विसाव्या दात्याला मोजणी चुकली, तर अगोदरचे एकोणीस दाते वाया जात. ही मोजणीची चूक वेगळ्या रूपात बॅटरीचलित धारकातही उद्‌भवते, हे पुढे दिसेल.

विभाजन शीर्षाचा आणखी एक गुण येथे नमूद केला पाहिजे. मंच सरकविणाऱ्या मळसूत्रापासून दंतचक्रांची माळ शीर्षापर्यंत नेता येत असे. त्यामुळे मंच सरकत असताना वस्तूही त्या प्रमाणात फिरे आणि पिळाची खाच पडे. ड्रिलच्या खाचा पाडणे त्यामुळेच शक्य झाले. संख्यात्मक नियंत्रणाने या दंतचक्रांच्या माळेची जागा घेतली. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून १९४९ मध्ये सुरू झालेल्या कामातून मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ मध्ये तीन अक्षांच्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले व कालांतराने फिरता मंच हा त्याच नियंत्रकाच्या ताब्यातील आणखी एक अक्ष बनला. बॅटरीचलित धारकात मात्र सरकणे व फिरणे यांचा हा दुवा पुन्हा तुटतो. स्वातंत्र्याची ही किंमत आहे, आणि धारक विकत घेण्यापूर्वी ती ध्यानात घेणे इष्ट असते.

यंत्राच्या आवरणात बॅटरीवर चालणारे साधन ठेवण्याची कल्पना एकदम आलेली नाही. डेव्हिड मॅक्मर्ट्री यांनी काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस एंजिनातील नळ्या मोजण्यासाठी १९७२ च्या सुमारास स्पर्श-एषणी शोधून काढली. तिच्या पुढील पिढ्या तर्कूमध्ये हत्याराप्रमाणे बसविण्यात आल्या. फिरत्या तर्कूला तार जोडणे शक्य नसल्याने त्यांत बॅटरी आली व संदेश अवरक्त किरणांनी किंवा रेडिओ तरंगांनी पाठविण्यात येऊ लागला. एषणीला फक्त ‘स्पर्श झाला’ एवढेच सांगावयाचे असते, त्यामुळे तिला ऊर्जा फार थोडी लागते. जड वस्तू फिरविण्यास पुरेल इतकी ऊर्जा लहान जागेत साठविणे सुलभ झाले ते लिथियम-आयन घटांमुळे. हे घट १९९१ मध्ये बाजारात आले आणि पुढे हातात धरावयाच्या विद्युत् हत्यारांमुळे कारखान्यांच्या परिचयाचे झाले.

रचना व ऊर्जेचा हिशोब : धारकाच्या शरीरात धारवे म्हणजे बेअरिंगे, वेग घटविणारी दंतचक्रे, लहान चलित्र, कोन सांगणारा एन्कोडर, फिरलेला भाग जखडणारी पकड, बॅटरी व संदेशांची देवाणघेवाण करणारे रेडिओ मंडल हे भाग असतात. यांतील पकड हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. वस्तू फिरविण्यास लागणारे परिपीडन आणि यंत्रण चालू असता ती रोखून धरण्यास लागणारे परिपीडन यांत मोठा फरक असतो. अक्षापासून ४० मिमी. अंतरावर १,००० न्यूटन कर्तन प्रेरणा पडल्यास ४० न्यूटन-मीटर परिपीडन निर्माण होते. चलित्राने सतत प्रवाह घेऊन ते तोलून धरावयाचे म्हटले, तर बॅटरी लवकर रिकामी होईल व चलित्र तापेल. म्हणून चांगल्या धारकात पकड स्प्रिंगच्या जोराने आपोआप बसते आणि सैल करण्यापुरतीच विजेची गरज लागते. बॅटरी संपली, तरी वस्तू जागची हलत नाही. ज्या धारकात याच्या उलट व्यवस्था असेल, तो मिलिंगच्या कामास घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काही धारकांत पकडीऐवजी समोरासमोर दाते असलेल्या दोन कड्या एकमेकींत बसवितात. जर्मन अभियंते अल्बर्ट हिर्ट यांच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. कडीवर ७२ दाते असल्यास वस्तू ५ अंशांच्या पटीतच थांबू शकते, परंतु थांबते ती जागा दात्यांनी ठरविलेली असते. चलित्र वा एन्कोडर यांतील किरकोळ दोषांचा तिच्यावर परिणाम होत नाही. चार किंवा सहा बाजूंचीच कामे करणाऱ्या कारखान्याला अशी जोडणी मनाजोगत्या कोनात थांबणाऱ्या धारकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

बॅटरी किती वेळ पुरेल, याचा हिशोब उद्‌बोधक आहे. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ७२ वॉट-तास, म्हणजे सु. २,५९,००० जूल ऊर्जा असते. कार्यवस्तू व तिची बैठक मिळून २० किग्रॅ. वजन असून गुरुत्वमध्य अक्षापासून २० मिमी. दूर असेल, तर तो अक्षाच्या पातळीपासून माथ्यावर नेण्यास ४ जूलांहूनही कमी कार्य करावे लागते. दंतचक्रे, चलित्र व पाणी रोखणारी रबरी कडी यांतील घर्षणासह ते ६० जूल धरू. पकड सैल ठेवण्यास २० वॉट शक्ती दोन सेकंद लागली, तर आणखी ४० जूल. दर फिरण्यास १०० जूल धरल्यास एका भरणीत सु. २,५०० वेळा फिरणे शक्य होते. मिनिटास एकदा फिरणारा धारक या हिशोबाने चाळीस तासांहून अधिक काळ चालेल. मात्र रेडिओ मंडल, एन्कोडर व नियंत्रक हे भाग केवळ जागे राहण्यासाठी सतत २ वॉट घेत असतील, तर तेवढ्यानेच बॅटरी ३६ तासांत संपते. म्हणजे फिरण्यापेक्षा वाट पाहण्यातच ऊर्जा अधिक खर्च होते. यासाठी दोन आज्ञांच्या मधल्या काळात धारकाला झोपवून ठेवून ठरावीक क्षणी जागे करण्याची योजना करतात. तो काळ जितका लांबवावा तितकी बॅटरी टिकते, पण आज्ञेला मिळणारा प्रतिसाद तितका उशिरा येतो.

यंत्राच्या आवरणातील परिस्थिती विद्युत् साधनांना प्रतिकूल असते. आयपी ६७ या संरक्षण वर्गाचा अर्थ धूळ पूर्णपणे रोखली जाते व एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही अपायकारक प्रमाणात पाणी आत शिरत नाही, असा आहे. ही चाचणी पाण्याने करतात. कारखान्यात वापरले जाणारे शीतक म्हणजे कूलंट तेलयुक्त असते, रबर फुगविते आणि दाबाच्या झोताने नेमके सांध्यावर येऊन आदळते. तारेच्या फिरत्या मंचात आत हवेचा किंचित दाब ठेवून कूलंट बाहेर रोखता येते. येथे हवेची नळीच नसल्याने तो उपाय उपलब्ध नसतो. आवरण धातूचे असल्याने रेडिओ तरंगांची वाटही अडते. ग्राहक आवरणाच्या आत, दाराच्या काचेच्या वरच्या बाजूस व कूलंटच्या झोतापासून दूर बसविल्यास ही अडचण बरीच कमी होते.

अचूकता : कोनातील दोष वस्तूवर किती लांबीचा दोष निर्माण करील, हे अक्षापासूनच्या अंतरावर अवलंबून असते. ५० मिमी. अंतरावर एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका दोष ०·०१४५ मिमी. होतो. तोच दोष दहा विकलांवर आणला, तर ०·००२४ मिमी. राहतो. नेहमीच्या छिद्रांना व आट्यांना पहिला आकडाही चालतो; धारव्यांच्या बैठकींसाठी दुसऱ्याची गरज पडते.

कोनापेक्षाही अधिक वेळा चूक होते ती फिरण्याच्या अक्षाची जागा ठरविताना. तर्कूची मध्यरेषा आणि धारकाचा अक्ष यांत आडवे ०·०२ मिमी. अंतर राहिले, तर वरून पाडलेले छिद्र एका बाजूस ०·०२ मिमी. सरकते, वस्तू १८० अंशांतून फिरवून खालून पाडलेले छिद्र वस्तूच्या दृष्टीने दुसऱ्या बाजूस तेवढेच सरकते. दोन्ही छिद्रांतील फरक ०·०४ मिमी. होतो. कामगार अशा वेळी धारकाच्या कोनाला दोष देतो व दोष तेथे सापडत नाही. अक्षाची उंची काढण्याची एक सोपी रीत अशी : माहीत असलेल्या जाडीचा, समांतर पृष्ठांचा ठोकळा धारकात धरावा, वरच्या पृष्ठाची उंची मोजावी, १८० अंश फिरवून पुन्हा वरच्या पृष्ठाची उंची मोजावी, दोन्ही उंचींच्या बेरजेतून जाडी वजा करून निम्मे करावे. उंची १५२·३६ व १४७·६४ मिमी. आणि जाडी ६०·०० मिमी. असल्यास अक्ष १२०·०० मिमी. उंचीवर येतो. ठोकळा धारकात मध्यावर बसलेला असण्याची गरज नाही, हा या रीतीचा विशेष गुण होय. धारक मंचावर बसविताना त्याचा अक्ष यंत्राच्या एक्स अक्षाशी समांतर असल्याचे डायल दर्शकाने पाहणे, हे अर्थातच यापूर्वीचे काम आहे. उचलून नेता येणारा धारक दर वेळी नव्याने बसतो, म्हणून हे काम दर वेळी करावे लागते.

आज्ञावली : तारेच्या चौथ्या अक्षासाठी आज्ञावलीत केवळ कोनाची संख्या लिहिली की पुरते; पुढचे नियंत्रक पाहतो. बॅटरीचलित धारकाच्या बाबतीत नियंत्रकाला अशा अक्षाचे अस्तित्वच ठाऊक नसते. त्याच्या लेखी यंत्र तीन अक्षांचेच राहते. वस्तूची बाजू बदलली, हे त्याला कार्य-आदिबिंदू बदलून सांगावे लागते. बहुतेक नियंत्रकांत जी ५४ ते जी ५९ या सहा आज्ञांनी सहा आदिबिंदू निवडता येतात. चार बाजूंच्या वस्तूला जी ५४ ते जी ५७ पुरेसे होतात. प्रत्येक बाजूचा आदिबिंदू स्वतंत्रपणे मोजता येतो किंवा फिरण्याच्या अक्षाची जागा एकदा काढून बाकीचे गणिताने मिळविता येतात. अक्षापासून वाय दिशेत व झेड दिशेत एखाद्या बिंदूची अंतरे माहीत असल्यास फिरल्यानंतरची अंतरे त्या कोनाच्या कोज्या व ज्या यांच्या साहाय्याने निघतात. दुसरी रीत पसंत करावी, कारण तीत एकाच मोजणीचा दोष राहतो व तो ओळखता येतो.

फिरण्याच्या दिशेबाबत घोटाळा होण्याचा संभव असतो. प्रमाण संकेतानुसार अक्षांच्या धन दिशा हत्यार हलते आणि वस्तू स्थिर असते, असे मानून दिलेल्या असतात. धारकात वस्तू फिरते; म्हणून तिचे प्रत्यक्ष फिरणे उलट दिशेचे असते. बॅटरीचलित धारकाची दिशा त्याच्या स्वतःच्या नियंत्रकात ठरविलेली असल्याने यंत्राच्या संकेताशी ती जुळेलच असे नाही. चारी बाजूंवर अंक लिहिलेला लाकडी अथवा प्लॅस्टिकचा ठोकळा धरून कोरडी फेरी घेणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फिरण्यापूर्वी हत्यार किती उंच न्यावे, याचा विचार वस्तूच्या जाडीवरून न करता तिच्या कोपऱ्यावरून करावा लागतो. ६० मिमी. चौरस छेदाच्या वस्तूचे पृष्ठ अक्षापासून ३० मिमी. उंचीवर असते, परंतु फिरताना तिचा कोपरा ४२·४ मिमी. उंचीपर्यंत चढतो, पकडीचे जबडे व बोल्ट त्याहूनही वर जातात. म्हणून कार्य-आदिबिंदूपासून मोजलेल्या उंचीवर विसंबून न राहता जी ५३ या आज्ञेने तर्कू यंत्राच्या स्वतःच्या आदिबिंदूपर्यंत, म्हणजे बहुधा सर्वांत वर, नेणे श्रेयस्कर असते. यात एक-दोन सेकंद जातात.

यानंतर फिरण्याची आज्ञा द्यावयाची. ती देण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत यंत्रनिर्मात्याने मोकळ्या ठेवलेल्या एखाद्या एम-आज्ञेने कपाटातील रिले चालू होतो व त्याला जोडलेला प्रेषक धारकाला रेडिओ संदेश पाठवितो. दुसरीत यंत्राला काहीही जोडावे लागत नाही. तर्कूमध्ये धरलेल्या बोथट दांड्याने धारकावरील कळ दाबली जाते. तिसरीत कामगार हातातील साधनाने आज्ञा देतो. ही केवळ मांडणीच्या वेळी योग्य होय.

आज्ञा गेल्यानंतर नियंत्रकाने कशाची वाट पाहावयाची, या मुद्द्यावर चांगली व वाईट आज्ञावली ओळखू येते. पहिल्या पद्धतीत बहुतेक नियंत्रक एम-आज्ञा दिल्यावर ती पूर्ण झाल्याचा संकेत परत येईपर्यंत पुढची ओळ सुरू करीत नाहीत. धारकाने पकड सैल केली, वस्तू फिरविली, एन्कोडरने कोन पडताळला आणि पकड पुन्हा बसली, एवढे सर्व झाल्यावरच त्याच्याकडून उत्तर निघावे व त्या उत्तराने हा संकेत पुरा व्हावा, अशी जोडणी करावी लागते. काही ठिकाणी संदेश मिळाल्याबरोबर उत्तर पाठविण्याची योजना आढळते. ती धोक्याची आहे. आज्ञा ऐकली आणि आज्ञा पाळली या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याहून वाईट योजना म्हणजे उत्तराची वाटच न पाहता जी ०४ या आज्ञेने चार-पाच सेकंद थांबणे. नव्या बॅटरीवर तीन सेकंदांत फिरणारा धारक उतरलेल्या बॅटरीवर सहा सेकंद घेऊ शकतो, किंवा किसात अडकून फिरणारच नाही. घड्याळ मात्र पुढे जाते आणि हत्यार मिनिटाला वीस-तीस मीटर वेगाने खाली येते.

दुसऱ्या पद्धतीत उत्तर येण्याची वाटच नसते. तेथे व शक्यतो सर्वत्र स्पर्श-एषणीने खात्री करून घ्यावी. जी ३१ या आज्ञेने एषणी सावकाश खाली आणतात. स्पर्श होताच गती थांबते व त्या क्षणीचा सहनिर्देशक नोंदला जातो. तो अपेक्षेबाहेर असल्यास आज्ञावलीने यंत्र थांबवून सूचना द्यावी. तथापि चौरस वस्तूच्या चारी बाजू एषणीला सारख्याच वाटतात : ९० अंशांऐवजी १८० अंश फिरलेली वस्तूही तिला योग्यच दिसते. त्यामुळे धारकाच्या फिरत्या पाटावर चार बाजूंना निरनिराळ्या उंचीचे, उदाहरणार्थ प्रत्येकी २ मिमी. फरकाचे, चार ठोकळे कायमचे बसवून त्यांनाच स्पर्श करणे चांगले. कोणती बाजू वर आहे हे मग एका स्पर्शात कळते. काही नियंत्रक पुढच्या ओळी आगाऊ वाचून ठेवतात. अशा वेळी मोजलेल्या संख्येची तुलना मोजणी होण्यापूर्वीच केली जाण्याचा संभव असतो, म्हणून आगाऊ वाचन थांबविणारी आज्ञा मध्ये घालावी लागते.

मोजणीची जुनी चूक येथे परत येते. काही धारक ‘पुढच्या स्थितीला जा’ एवढीच आज्ञा समजतात. आज्ञावली आरंभापासून अखेरपर्यंत विनाखंड चालली, तर यात काही बिघडत नाही. परंतु दुसऱ्या बाजूवर ड्रिल तुटले, कामगाराने यंत्र थांबविले, हत्यार बदलले आणि आज्ञावली पुन्हा सुरुवातीपासून चालविली, तर नियंत्रक पहिल्या बाजूपासून मोजू लागतो व धारक दुसऱ्यापासून. पुढचे प्रत्येक छिद्र चुकीच्या बाजूवर पडते. ‘तिसऱ्या स्थितीला जा’ अशी निरपेक्ष आज्ञा घेणारा धारक या संकटातून वाचवितो. तसा नसल्यास आज्ञावलीच्या प्रारंभी धारकाला त्याच्या मूळ स्थितीत आणणारी आज्ञा व तिची पडताळणी सक्तीची ठेवावी.

एकाच वेळी सरकणे व फिरणे आवश्यक असणारी कामे, उदाहरणार्थ पिळाच्या खाचा किंवा दंडगोलावरील कॅम, अशा धारकावर होत नाहीत. मिनिटाला ५०० मिमी. सरकगतीने चालणारे हत्यार २० मिलिसेकंदांत ०·१७ मिमी. पुढे जाते, रेडिओ संदेशाला तेवढा उशीर सहज होऊ शकतो आणि तो दर वेळी सारखाही नसतो. १८६२ मधील दंतचक्रांची माळ जे करीत असे, ते येथे अशक्य आहे.

सुरक्षितता : कारखान्यातील सुरक्षिततेची एक जुनी समजूत अशी की, मुख्य स्विच बंद केला म्हणजे यंत्र निर्जीव झाले. छतालगतच्या एका लांब दंडावरून पट्ट्यांनी सर्व यंत्रे चालत, त्या काळापासून ही समजूत चालत आली आहे. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २४ ने आणीबाणीत शक्ती तोडण्याची साधने प्रत्येक कामाच्या खोलीत ठेवणे बंधनकारक केले, त्यामागेही हीच दृष्टी होती. बॅटरीचलित धारक हिला छेद देतो. आणीबाणीचा लाल गुंडा दाबल्यावर यंत्राची चलित्रे थांबतात. धारकाजवळ मात्र स्वतःची ऊर्जा शिल्लक असते. हात जबड्याजवळ असताना एखादा रेंगाळलेला संदेश त्याला पोहोचला, तर बोटे चिरडण्याइतके परिपीडन वेगघटाच्या दंतचक्रांतून सहज मिळते.

यावरील तत्त्व असे की, धारकाने ‘थांब’ या संदेशाची वाट पाहावयाची नसते. प्रेषकाकडून ‘सर्व ठीक’ असा संदेश सतत येत राहावा आणि तो खंडित होताच धारकाने चलित्राचा प्रवाह तोडून पकड बसवावी. आणीबाणीचा गुंडा व दाराचा स्विच या दोहोंचे संकेत प्रेषकाला जोडलेले असावेत, म्हणजे दार उघडताच हा संदेश आपोआप बंद पडतो. शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर एकाच बनावटीचे धारक असल्यास प्रत्येक धारक आपल्याच प्रेषकाची खूण ओळखतो की नाही, हे प्रत्यक्ष फिरवून पाहावे. धारक एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेल्यानंतर ही जोडी बदलण्याचे विसरले जाते. दुरुस्तीसाठी यंत्राला कुलूप लावताना बॅटरी काढून तीही कुलपात ठेवणे आवश्यक असते.

उपयोग : चौथा अक्ष बसवावयाचा तर नियंत्रकात त्याची सोय, स्वतंत्र चालक मंडल व कपाटातील जोडणी लागते आणि तोवर यंत्र बंद राहते. बॅटरीचलित धारक शेगड्याप्रमाणे उचलून मंचावर ठेवता येतो. पालट-मंच असलेल्या यंत्रांत, जेथे मंच वस्तूसह आवरणाबाहेर जातो आणि त्याच्यामागे तार नेणे जिकिरीचे असते, तेथे त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड, भोसरी तसेच कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव या भागांत मोठ्या उद्योगांना सुटे भाग पुरविणारे अनेक लहान कारखाने तीन अक्षांच्या उभ्या यंत्रण केंद्रांवर चालतात. आज झडपा, उद्या पंपांची शरीरे अशी कामे बदलत राहतात. अशा ठिकाणी एकच धारक आळीपाळीने अनेक यंत्रांवर नेता येणे लाभदायक ठरू शकते. एकच भाग वर्षानुवर्षे करणाऱ्या कारखान्याला, तसेच पोलादातील जड मिलिंग करणाऱ्याला तारेचा फिरता मंच किंवा आडव्या तर्कूचे यंत्रच सोयीचे पडते.

धारकाची निगा राखताना पाणी रोखणारी रबरी कडी ठरावीक मुदतीने बदलणे महत्त्वाचे असते, कारण तिच्यातून झिरपलेले कूलंट प्रथम बॅटरीच्या संपर्क-पट्ट्यांवर गंज आणते व पुढे मंडल निकामी करते. बॅटरी आवरणाबाहेर, कोरड्या जागी आणि घर्षण-चक्रांच्या धुळीपासून दूर भरावी. फुगलेली किंवा कूलंटमध्ये भिजलेली लिथियम-आयन बॅटरी पुन्हा भरणीवर लावू नये. मॅग्नेशियमचा कीस साठलेल्या यंत्रात तर अशी बॅटरी ठेवूच नये. तो कीस पेटल्यास पाण्याने विझत नाही. प्रत्येक पाळीच्या आरंभी बॅटरीची पातळी पाहून ती ठरविलेल्या मर्यादेखाली असल्यास यंत्रण सुरू करण्यापूर्वीच बदलावी आणि ही मर्यादा अशी ठेवावी की, हातातील वस्तूच्या सर्व बाजू पूर्ण होऊन धारक मूळ स्थितीत परत येईल.